वंशवृक्षावरची चिठ्ठी

रियाधच्या एका उपनगरातल्या घरात भिंतीवर वडिलांच्या घराण्याचा वंशवृक्ष लावलेला आहे. फांदीफांदीवर नावं. दहा-अकरा वर्षांची वजदा तो निरखते तेव्हा तिच्या लक्षात येतं की आपलं नाव त्यात कुठेच नाही. आई सांगते, त्यात फक्त पुरुषांची नावं असतात. मुलगी हुज्जत घालत बसत नाही. कागदाच्या तुकड्यावर आपलं नाव लिहिते आणि तो वडिलांच्या नावाखाली लावून मोकळी होते. पुढे तो तुकडा तिथे राहत नाही.

हैफा अल-मन्सूर यांच्या ‘वजदा’ (२०१२) या सौदी चित्रपटातला हा प्रसंग अगदी छोटा. कापून टाकला तरी सायकलची गोष्ट अडणार नाही. तरीही कथनाच्या संरचनेचा अभ्यास म्हणजे काय, तो कशाशी खातात, असं कुणी विचारलं तर मी आधी हाच प्रसंग दाखवतो. भिंतीवर आहे ती एक संरचनाच: जागा ठरलेल्या, जागांमधली नाती ठरलेली, कोणत्या जागी कोण येऊ शकतं याचे नियमही ठरलेले. पिढ्या बदलतात, झाडाचा नियम तोच राहतो. त्या झाडावर एक चिठ्ठी येते. संरचनावादी समीक्षेला झाड तेवढं दिसतं, चिठ्ठी दिसत नाही, हा आरोप जुना आहे आणि पुष्कळदा खराही आहे. माझं म्हणणं इतकंच, की झाडाची ठेवण कळल्याशिवाय चिठ्ठी नेमकी कुठे लावली आणि तिथेच का, हे सांगता येत नाही.

अरबी भाषेतल्या चित्रपटांकडे, त्यातही मुलं जाणती होण्याच्या गोष्टींकडे, कथनमीमांसेच्या नजरेतून पाहू इच्छिणाऱ्या मराठी वाचकासाठी ही प्रस्तावना आहे. ‘वयात येणं’ हा आपला शब्द मी मुद्दाम टाळतो. त्यात शरीर फार पुढे येतं. ‘जाणतं होणं’ यात आपण कुठल्या नियमांच्या घरात राहतो हे कळणं येतं, आणि या चित्रपटांचा विषय बहुतेक वेळा तोच असतो.

अरबी येत नाही म्हणून बिचकू नका. हिशेब, दुकान, वकील, मौजूद, वाजवी हे शब्द आपण रोज किंवा अधूनमधून वापरतो. सगळे अरबीतून, फारसीच्या वाटेने आलेले. शिवाय अरबी भाषेचा एक गुण संरचनेच्या विद्यार्थ्याला फार उपयोगी आहे. तिथे शब्द बहुधा तीन व्यंजनांच्या मुळावर उभा असतो. क-त-ब हे लिहिण्याचं मूळ. त्यात ठराविक जागी ठराविक स्वर घातले की किताब, कातिब म्हणजे लिहिणारा, मक्तूब म्हणजे लिहिलेलं. अरबी वैयाकरणांनी हे साचे दाखवण्यासाठी फ, अैन आणि ल ही तीन अक्षरं जणू रिकाम्या खुर्च्यांसारखी मांडली. ‘फाइल’ म्हणजे करणारा, ‘मफऊल’ म्हणजे ज्याच्यावर केलं जातं ते. कुठलंही मूळ आणा, त्या खुर्च्यांवर बसवा, अर्थ तयार. शाळेत व्याकरण शिकलेल्या अरबी मुलाला, अर्थ वस्तूत नसून जागेत असतो ही संरचनावादाची मूळ कल्पना वेगळी शिकवावी लागू नये.

‘वजदा’ हे नावही असंच. त्याचं मूळ व-ज-द, म्हणजे सापडणं. त्याच मुळापासून वाजिद म्हणजे शोधून काढणारा, वजूद म्हणजे असणं, आणि आपला ‘मौजूद’, म्हणजे जे सापडतं, म्हणून जे आहे ते. वंशवृक्षात जी मौजूद नाही तिचं नावच या मुळातलं असावं, हा योग दिग्दर्शिकेने जाणून साधला की आपसूक जुळला याच्या फंदात मी पडत नाही. लेखकाच्या मनात काय होतं हा प्रश्न बाजूला ठेवायची सवय या अभ्यासात लवकर लावून घ्यावी लागते. नाव पडद्यावर आहे, मूळ भाषेत आहे. तेवढं पुरतं.

कथनाला आजच्या अरबी समीक्षेत ‘सर्द’ म्हणतात. आपल्या सर्द हवेशी त्याचा संबंध नाही, ते फारसी. अरबी ‘सर्द’चा एक जुना अर्थ चिलखताच्या कड्या एकीत एक ओवणं असा आहे. कथनमीमांसेला ‘सर्दियात’. मोरोक्कोचे सईद यक्तीन, लेबनॉनच्या युम्ना अल-ईद अशा समीक्षकांनी विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत ही विद्या अरबी कादंबरीच्या अभ्यासात रुजवली. मराठीत गंगाधर पाटील यांनी समीक्षेच्या नव्या पद्धतींची ओळख करून दिली, मिलिंद मालशे आणि अशोक जोशी यांनी आधुनिक समीक्षा-सिद्धान्त मराठी वाचकासमोर मांडला. म्हणजे दोन्ही भाषांनी एकाच सुमारास, एकमेकींची खबर नसताना, पॅरिसहून तीच पुस्तकं मागवली.

पॅरिसहून म्हटलं खरं, पण त्या गोष्टीची एक सुरुवात इजिप्तमध्ये आहे. १९४९ साली अलेक्झांड्रियात दोन तरुण प्राध्यापकांची गाठ पडली. एक लिथुआनियन वंशाचा भाषाशास्त्रज्ञ आल्गिर्दास ग्रेमास, दुसरा फ्रेंच समीक्षक रोलां बार्त. बार्तला आधुनिक भाषाशास्त्राची गोडी लावण्यात ग्रेमासचा मोठा वाटा होता. पुढे १९६६ साली ‘कम्युनिकासियों’ या नियतकालिकाचा आठवा अंक कथनाच्या संरचनेला वाहिलेला निघाला. त्यात हे दोघेही होते, तोदोरोव, जेनेत, एको होते, आणि चित्रपटाच्या वाक्यरचनेचा विचार मांडणारा क्रिस्तियां मेत्सही होता. अलेक्झांड्रियातल्या अरबी जगाशी ग्रेमास आणि बार्त यांचा कितपत संबंध आला हा वेगळा विषय; फार आला असं त्यांच्या लिखाणावरून वाटत नाही. अरबी कथेचं धन मोकळेपणाने वापरलं ते तोदोरोवने. ‘अरेबियन नाइट्स’मध्ये प्रत्येक पात्र म्हणजे एक गोष्टच असते, नवं माणूस आलं की नवी गोष्ट सुरू होते, आणि गोष्ट थांबणं म्हणजे मरण, हे त्याने दाखवलं. कथन हाच जगण्याचा व्यवहार असलेलं ते पुस्तक त्याला आयतं सापडलं होतं.

आता हत्यारं बघू, पण हत्यारांची यादी वाचून कुणी सुतार होत नाही, म्हणून थेट लाकडावर चालवून बघू.

व्लादिमीर प्रॉपने १९२८ साली रशियन अद्भुतकथांचा अभ्यास छापला. शंभर कथा घेऊन त्याने दाखवलं की पात्रं कितीही बदलली तरी ती करतात ती कामं मोजकी, एकतीस, आणि त्यांचा क्रम ठरलेला. पात्रांच्या भूमिका सात: नायक, खलनायक, देणारा, मदतनीस, जिच्यासाठी सगळं चाललंय ती राजकन्या, नायकाला कामगिरीवर धाडणारा आणि तोतया नायक. श्रावणातल्या कहाण्या ऐकून मोठ्या झालेल्या माणसाला यात नवल वाटू नये. उतणं, मातणं, घेतला वसा टाकणं, मग दैन्य, मग उमज, मग पुन्हा भरभराट. आटपाट नगर कुठलंही असो, साखळी तीच.

‘वजदा’ या साखळीत इतकी चपखल बसते की पहिल्यांदा संशयच येतो. सुरुवात उणिवेने. शेजारचा अब्दुल्ला सायकलवरून पुढे निघून जातो, हिला त्याच्याशी शर्यत लावायची आहे, सायकल नाही. मग ती दिसते. भिंतीपलीकडून गाडीच्या टपावरून जाणारी हिरवी सायकल, भिंतीच्या कडेवरून तरंगत गेल्यासारखी. अद्भुतकथेतला घोडा असाच दिसतो. दुकानात किंमत ८०० रियाल. मुलगी धंदे करते: गोफ विणून विकते, गाण्यांच्या कॅसेटी विकते, मोठ्या वर्गातल्या मुलीचा निरोप पोचवते आणि पैसे दोन्हीकडून घेते. तरी रक्कम भरत नाही. मग कामगिरी समोर येते: शाळेत कुराणपठणाची स्पर्धा, बक्षीस १,००० रियाल. ती धार्मिक मंडळात नाव घालते, पाठांतर करते, परीक्षेत उतरते, जिंकते.

इथे प्रॉपचा नियम सांगतो की आता वस्तू मिळायला हवी. कठीण काम पार पडलं की फळ, यात अद्भुतकथा कधी बेइमानी करत नाही. मुख्याध्यापिका हुस्सा बाई विचारतात, पैशांचं काय करणार. मुलगी खरं सांगते: सायकल घेणार. बाई जाहीर करून टाकतात की बक्षिसाची रक्कम पॅलेस्टाईनला जाईल.

वर्गात एकतीस खाने आखून चित्रपट त्यात भरायला सांगितला की बहुतेक विद्यार्थी इथे अडखळतात. काही जण घाईने पुढे जाऊन शेवटी सायकल मिळते ना, म्हणून खाना भरून टाकतात. मी त्यांना तिथेच थांबवतो. साचा जिथे मोडतो तिथे चित्रपट साच्याला काहीतरी सांगत असतो, आणि आपल्याला ऐकायचं आहे ते तिथलंच. सायकल येते, पण जिंकण्याच्या मोबदल्यात येत नाही, आणि जिने द्यायची ती देत नाही. देते आई. तीच आई, जिने चित्रपटभर सायकलला नको म्हटलं, मुलींनी सायकल चालवली तर मूल होत नाही असं बजावलं. प्रॉपच्या हिशेबात खलनायक आणि देणारा या दोन भूमिका. त्या एकाच बाईच्या वाट्याला, एकीनंतर दुसरी, येतात. परीक्षा झाली मुलीची, आणि बदललं आईचं माणूस.

म्हणून मी या चित्रपटाला एका मुलीच्या जाणतं होण्याची गोष्ट म्हणायला कचरतो. ग्रेमासने प्रॉपच्या सात भूमिका आवळून सहा जागा केल्या होत्या: कर्ता आणि इच्छिलेली वस्तू, धाडणारा आणि पावणारा, मदत करणारा आणि अडवणारा. आपल्याला हे अनोळखी वाटू नये. पाणिनीची कारकं शाळेत घोकलेल्या पिढीला कर्ता, कर्म, करण, संप्रदान ही क्रियेभोवतीची आसनं ठाऊक असतात, आणि ग्रेमासनेही आपला आराखडा वाक्यरचनेच्या विचारातूनच घेतला. आता या सहा जागांवर दोन वाक्यं मांडा. पहिल्यात कर्ती मुलगी, वस्तू सायकल. दुसऱ्यात कर्ती आई, वस्तू नवरा. वजदाच्या जन्मानंतर आईला पुन्हा मूल होणार नाही, घराण्याला मुलगा हवा आहे, सासू दुसऱ्या बायकोच्या शोधात आहे. आईचं हत्यार एक लाल पोशाख. दिराच्या लग्नात तो घालून मिरवायचं, नवऱ्याची नजर आपल्यावर ठरवायची, बाकीच्या बायकांनाही दाखवून द्यायचं. मुलगी रियाल साठवते हिरव्या वस्तूसाठी, आई लाल वस्तूसाठी.

शेवटी दोन्ही वाक्यं एकमेकांत शिरतात. वडिलांनी दुसरं लग्न केलं आहे. वजदा आईला सुचवते, तो लाल पोशाख घे, त्यांना परत आण. आई सांगते, ते पैसे सायकलीत गेले. संरचनावादी समीक्षेत निवडीचा अक्ष म्हणतात तो इथे स्वच्छ दिसतो. एकाच रकमेच्या जागी दोन वस्तू येऊ शकत होत्या. लाल गेली, हिरवी आली. बाईने नवऱ्यापुढे नटण्याची वस्तू सोडली आणि मुलीने निघून जाण्याची वस्तू घेतली. त्याच रात्री आईचे लांब केस आखूड झालेले दिसतात. कुणी भाषण करत नाही. मला विचाराल तर हा अदलाबदलीचा व्यवहार म्हणजे या चित्रपटाचा कणा, आणि सायकलची शर्यत त्यावरचं मांस.

आणखी एक खाच आहे. अद्भुतकथेत घोडा हे साधन असतं, साध्य राजकन्या किंवा राज्य. इथे साधनच साध्य होऊन बसलेलं आहे. ज्या समाजात मुलीला जाण्याची मुभा नाही तिथे कुठे जायचं हा प्रश्न पुढचा, आधी जाता येणं हेच राज्य. शेवटच्या दृश्यात ती अब्दुल्लाला मागे टाकते, मोठ्या रस्त्याच्या कडेला येऊन थांबते, वाहत्या गाड्यांकडे पाहते. साधन पुन्हा साधन झालेलं असतं. तोदोरोवचं सूत्र असं की कथा एका समतोलातून निघते, तो बिघडतो, आणि वेगळा समतोल येतो. इथे तो येतो का? घर मोडलेलं, वडील गेलेले, समोर हमरस्ता. मी त्या खान्यात काही लिहीत नाही.

मनाई आणि मनाईचा भंग ही प्रॉपच्या यादीतली दुसरी आणि तिसरी कामं. परीकथेत मनाई एकदा सांगितली जाते, एकदा मोडली जाते, आणि त्यातून गोष्ट सुटते. ‘वजदा’त मनाई हवेसारखी भरून राहिलेली आहे: बूट काळेच हवेत, नखं रंगवायची नाहीत, पुरुष दिसतील अशा जागी उभं राहायचं नाही. बुटांचं बघा. सगळ्यांच्या पायांत साधे काळे बूट, हिच्या पायांत कॅनव्हासचे. बाई दटावतात, ही ते मार्करने काळे करून आणते. नियम पाळला आणि मोडलाही. चित्रपटाची सगळी चाल त्या काळ्या केलेल्या बुटांत आहे.

शाळेत मुलींना बजावलेलं असतं की आपला आवाज बाहेरच्या पुरुषांच्या कानी पडता कामा नये. आणि त्याच शाळेत जिंकायचं कशाने, तर आवाजाने. झाकायचा आवाज आणि लावायचा आवाज, या जोडीभोवती चित्रपटाचा मधला भाग फिरतो. वजदा पैशांसाठी पाठांतर करते हे खरं. पण घरी आई तिला आयत कशी म्हणायची, सूर कुठे धरायचा हे शिकवते तेव्हा हिशेब मागे पडतो. बाहेरचे समीक्षक ‘धर्म विरुद्ध स्वातंत्र्य’ अशी जोडी लावून मोकळे होतात; ती जोडी या दृश्यापुढे टिकत नाही. कुराण इथे अडवणाऱ्यांच्या हातात आहे तसं मायलेकींच्या गळ्यातही आहे. जोडी चुकीची निवडली की सगळं विश्लेषण वाकडं जातं, हे नवशिक्याने कोरून ठेवावं.

पाठांतराच्या परीक्षेला अरबी कथनात जुनी वंशावळही आहे. इजिप्तचे अंध लेखक ताहा हुसेन यांच्या ‘अल-अय्याम’ या आत्मकथनाचा पहिला भाग १९२९ साली पुस्तकरूपाने आला. त्यातला खेड्यातला मुलगा कुत्ताबमध्ये, म्हणजे तिथल्या पंतोजीच्या शाळेत, कुराण पाठ करतो, विसरतो आणि वडिलांसमोर परीक्षेत फजीत होतो. जाणतं होण्याच्या अरबी कथेत पाठांतर हा मुलाचा उंबरठा. अल-मन्सूर त्याच उंबरठ्यावर मुलगी उभी करतात, तिला जिंकू देतात, आणि मग उंबरठाच मागे सरकवतात. दिग्दर्शिकेने कैरोच्या अमेरिकन विद्यापीठात तौलनिक साहित्याचा अभ्यास केला आहे हे मला माहीत आहे. त्याचा इथे आधार घेणार नाही, पण सांगितल्यावाचून राहवलंही नाही.

धर्म आणि स्वातंत्र्य या जोडीसारखंच ‘चालतं’ आणि ‘चालत नाही’ या जोडीचंही. ग्रेमासने अशा जोडीचा चौकोन केला: विरुद्ध टोकांबरोबर त्यांचे नकारही मांडायचे, म्हणजे ‘मना नाही पण मुभाही नाही’ अशी कोपऱ्यातली जागा दिसते. इस्लामी धर्मशास्त्राकडे मात्र त्याहून जुनी आणि बारीक मोजपट्टी आहे. कृत्यांचे पाच वर्ग: वाजिब म्हणजे केलंच पाहिजे असं, मंदूब म्हणजे केलेलं बरं, मुबाह म्हणजे केलं काय, न केलं काय, मकरूह म्हणजे न केलेलं बरं, आणि हराम. आपला ‘वाजवी’ यातल्या पहिल्याचाच दूरचा नातलग. वजदाची सायकल कुठे बसते? चित्रपटात कुणी नियम काढून दाखवत नाही. मुली सायकल चालवत नसतात, एवढंच सगळे सांगतात. म्हणजे शास्त्र पाच पायऱ्या ठेवतं आणि रूढी पाचही पुसून एकच ठेवते. चित्रपट आला त्यानंतर, २०१३ साली, सौदी धार्मिक पोलिसांनी बायकांना सायकल चालवायला मुभा दिली: बागेत वगैरे, अंगभर अबाया घालून, सोबत पुरुष नातेवाईक असताना, आणि करमणुकीपुरती. कुठे जाण्यासाठी नव्हे! या एका अटीवर स्वतंत्र निबंध लिहिता येईल.

जागांचा विचार करायचा तर चिन्हमीमांसक युरी लोटमनला पर्याय नाही. त्याचा १९७० सालचा सिद्धान्त थोडक्यात असा: गोष्टीतलं जग एका सीमेने दोन भागांत वाटलेलं असतं, बहुतेक पात्रं आपापल्या भागात राहतात, आणि घटना घडते ती कुणीतरी सीमा ओलांडल्यावर. ‘वजदा’चा नकाशा सोपा वाटतो, घर आतलं आणि रस्ता बाहेरचा. पण गच्ची कुठे घालायची? ती घराचीच, आणि आभाळाखाली. वजदा अब्दुल्लाची सायकल गच्चीवर शिकते. पडते, रक्त येतं म्हणून ओरडते, आणि आई तोंड फिरवून डोळे झाकते, कारण तिला भलतीच भीती वाटलेली असते. रक्त गुडघ्याचं. विनोद आणि सगळी व्यवस्था त्या एका गैरसमजात बसली आहे.

गच्ची हा अरबी चित्रपटातला योगायोग नव्हे हे पटवायला ट्युनिशियाच्या फरीद बुगदीर यांचा १९९० सालचा ‘हलफावीन’ शेजारी ठेवावा. अरबी नाव ‘उस्फूर अस्तह’, गच्चीवरचा पक्षी. ट्युनिसच्या जुन्या मोहल्ल्यातला नूरा अजून आईबरोबर बायकांच्या हम्मामात जातो, त्याची नजर बदलते, आणि त्याला हाकललं जातं. बायकांचं जग बंद, पुरुषांचं उघडं नाही. मधल्या काळात तो गच्च्यांवरून हिंडतो. फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ क्लोद लेव्ही-स्त्रोस मिथकांबद्दल म्हणत असे की एक कथा दुसरीचं उलटलेलं रूप असते. इथे तंतोतंत. मुलगा आतून बाहेर ढकलला जातो म्हणून जाणता होतो, मुलगी आत अडवली जाते म्हणून. दोघांच्या मध्ये गच्ची. झिआद दुएरी यांच्या ‘वेस्ट बैरुत’मध्ये (१९९८) ती सीमा शहरालाच चिरत जाते, नाजी अबू नुवार यांच्या ‘धीब’मध्ये (२०१४) १९१६ सालच्या हिजाझच्या वाळवंटात बेदुईन पोरापुढे ना भिंत आहे ना गच्ची, फक्त विहीर, उंट आणि नवी आलेली आगगाडी. या दोन्हींबद्दल पुढे सविस्तर येईलच.

आता पुन्हा त्या झाडाकडे, कारण तिथे आपल्याच विद्येची एक अडचण लटकलेली आहे. लेव्ही-स्त्रोसने १९४९ साली नातेव्यवस्थेच्या मूळ संरचनांवर ग्रंथ लिहिला. त्याचा गाभा असा, की समाज उभा राहतो तो देवघेवीवर, आणि सर्वांत मोठी देवघेव म्हणजे एका घराण्यातल्या पुरुषांनी दुसऱ्या घराण्याला स्त्री देणं. बाई हे चिन्ह, पुरुष बोलणारे. १९७५ साली अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ गेल रुबिन यांनी याच मांडणीला हात घातला: ही व्यवस्था इतकी नेटकी दाखवली, तर ती कुणाच्या जिवावर चालते हेही सांगा. वजदाच्या घरातला वंशवृक्ष म्हणजे लेव्ही-स्त्रोसची आकृती काढून भिंतीला लावल्यासारखा आहे. नावं पुरुषांची; बायका त्या फांद्यांना जोडणाऱ्या, पण न दिसणाऱ्या. मुलीची चिठ्ठी सौदी घराण्याला जेवढी खुपते तेवढी माझ्या पुस्तकांच्या कपाटालाही खुपावी. आपल्याकडच्या कित्येक कुर्सीनाम्यांतही मुलींच्या जागी नुसती रेघ असते किंवा तीही नसते. तिकडे बोट दाखवताना हे ध्यानात असू द्यावं.

संरचनावादाचा सोस किती करावा? बार्तनेच १९७० साली, सगळ्या कथांना एकच आराखडा लावण्याच्या हव्यासाची टर उडवून स्वतःची दिशा बदलली. आराखडा काळ दाखवत नाही, हे तर उघड आहे. संपूर्णपणे सौदी अरेबियात चित्रित झालेला हा पहिला कथापट. तो आला तेव्हा देशात चित्रपटगृहंच नव्हती, ती २०१८ साली पुन्हा उघडली. रियाधच्या रस्त्यांवर बाईने पुरुष तंत्रज्ञांमध्ये उभं राहून काम करणं शक्य नव्हतं, म्हणून दिग्दर्शिका व्हॅनमध्ये बसून, पडद्यावर चित्र पाहत, वॉकी-टॉकीवरून सूचना देत असे. चित्रपटातली आई कामावर जाण्यासाठी ड्रायव्हरच्या मर्जीवर, चित्रपट करणारी बाई बंद गाडीत. हे साम्य संहितेबाहेरचं, शुद्ध संरचनावाद्याच्या नियमाने बाद. मी ते बाद करत नाही. बायकांना गाडी चालवायची परवानगी २०१८च्या जूनमध्ये मिळाली, हेही डोक्यात असलं की शेवटच्या दृश्यातला हमरस्ता निराळा दिसतो.

कामाला लागण्याची रीत सोपी आहे. चित्रपट आधी एकदा नुसता बघा, वही लांब ठेवून. दुसऱ्यांदा प्रसंग तोडा. जागा बदलली, वेळ बदलली किंवा पैसे हातातून हातात गेले की नवा प्रसंग; ‘वजदा’पुरती ही तिसरी कसोटी मला सर्वांत भरवशाची वाटते. प्रत्येक प्रसंगापुढे लिहा: कुणाला काय हवं, कोण देतं, कोण अडवतं. एकच नाव दोन रकान्यांत आलं की तिथे लाल खूण करा. हुस्सा बाईंच्या नावापुढे तुम्ही नुसतं ‘अडवणारी’ लिहाल आणि मग तो प्रसंग येईल जिथे त्या वजदाला सांगतात की तुझ्यात मला लहानपणची मी दिसते. रकाना खोडावा लागेल. खोडा. खाडाखोड झालेली वही घेऊन मग पुढचा निबंध वाचायला घ्या. तो बुटांपासून सुरू होतो.